एकदाच धुतलेलं कापड

काकूंच्या लॉन्ड्रीतून डाग असलेलं कापड कधी बाहेर पडलं नाही. वारा शेजारच्या कारखान्याच्या धुराड्याकडून आला की दोरीवरचं सगळं काळवंडायचं. काकू ते गुपचूप पुन्हा धुवायच्या आणि गिऱ्हाइकाला कधी पत्ता लागू द्यायच्या नाहीत. नावाला जपणं म्हणजे काकूंचा जीव की प्राण.

हेच नाव त्यांच्या अंगाशी आलं. कारखान्याला दुसरं धुराडं हवं होतं. नगरपालिकेच्या सुनावणीत गल्लीतली माणसं खोकत खोकत बोलली, तेव्हा कारखान्याचे मॅनेजर हसून म्हणाले, "धूर असता तर शेजारच्या लॉन्ड्रीतून असे पांढरेशुभ्र कपडे आले असते का?"

सगळ्यांच्या नजरा काकूंकडे वळल्या. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरं धुराडं आलं की दोनदा धुऊनही भागणार नव्हतं. लॉन्ड्रीला टाळंच लागणार होतं.

निकालाच्या बैठकीसाठी सभागृहातल्या टेबलांची पांढरी कापडं नेहमीसारखी काकूंकडेच धुवायला आली. काकूंनी ती धुतली, धुराड्याकडून वारा असतानाच दोरीवर टाकली आणि वाळल्यावर काजळीसकट तशीच घडी घातली.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं?" नणंद म्हणाली. "लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत, ताई. खरं काय ते तरी दिसेल."

बोलल्या खऱ्या, पण रात्रभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

बैठकीच्या गडबडीत शिपायाने कापडं न पाहताच टेबलांवर अंथरली. मॅनेजर टेबलावर दोन्ही हात टेकून बराच वेळ बोलले. मग घाम पुसला, आणि कपाळावर काळा पट्टा उमटला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्षबाईंनी आपली बाही पाहिली. कोपरापर्यंत काळी.

"लॉन्ड्रीवाल्या काकू, हे काय आहे?"

काकू उभ्या राहिल्या. आवाज खणखणीत निघाला. "बाई, कापड धुतलेलंच आहे. दोरीवर वाळलं तसं आणलंय. आजवर काजळी बसली की मी सगळं दोनदा धुऊन देत होते. यावेळी एकदाच धुतलं."

मॅनेजर कपाळ पुसायचंही विसरले. मग मतदान झालं आणि काळ्या बाह्यांचे सगळे हात विरोधात वर गेले. दुसरं धुराडं नामंजूर झालं. वर अध्यक्षबाईंनी ठणकावलं, की जुन्यालाही काजळी अडवणारी जाळी बसेपर्यंत कारखान्याची भट्टी बंद राहील.

मळक्या कापडांचं गाठोडं काकूंनी भर रस्त्यातून, लोकांच्या टाळ्या झेलत घरी आणलं. आनंद त्यांच्या पोटात मावत नव्हता.

नणंदेने पाणी तापवलं. "दोनदा धुवायचं ना?"

"एकदाच," काकू म्हणाल्या, आणि दोरी पुसायला अंगणात गेल्या.