पडण्याचे श्रेय

“दुखत नाही, खुपत नाही, मग पोट कापायचं कशाला?” मिस्त्रींनी विचारले. छपरांना पन्हळी बसवण्यात त्यांची हयात गेली होती आणि गळती दिसल्यावाचून पत्र्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता होता.

“दुखेपर्यंत थांबलो, तर बहुतेकदा कापून उपयोग उरत नाही,” सर्जनबाई म्हणाल्या. “स्वादुपिंडाचा कॅन्सर फार मुका असतो. तुमची गाठ लहान आहे, शेपटाकडच्या टोकाला आहे, कुठे पसरलेली दिसत नाही. ते टोक आणि शेजारची प्लीहा काढू. नंतर औषधं.”

“म्हणजे बरा होईन?”

“हमी देत नाही. संधी आहे, आणि ती फार थोड्यांना मिळते. तुम्ही पडलात, म्हणून मिळाली.”

हे शेवटचे वाक्य मिस्त्रींना झोंबले. शाळेच्या छपराला पन्हळ लावताना शिडी धरून उभा असलेला धाकटा भाऊ फोन घ्यायला बाजूला झाला, शिडी सरकली आणि मिस्त्री डाव्या कुशीवर आदळले. बरगड्या मोडल्या. आत रक्तस्राव नाही ना, हे पाहण्यासाठी स्कॅन केला, तेव्हा ही गाठ दिसली. पुढे तोंडावाटे नळी घालून काढलेल्या तुकड्याने तिचे नाव पक्के केले. तोवर मिस्त्रींनी धाकट्याशी अबोला धरला होता. धाकटाही तोंड लपवून होता. परंतु गाठीची बातमी कळताच त्याला कंठ फुटला. भेटेल त्याला तो सांगू लागला, “मी शिडी सोडली नसती, तर दादा हातचा गेला असता!”

“अहो, आता सोडा की राग,” घरी परतताना बायको म्हणाली. “भाऊजींमुळेच कळलं ना?”

“मशीनमुळे कळलं. त्याच्यामुळे बरगड्या मोडल्या.”

“पण त्या मोडल्या नसत्या, तर…”

“चोरानं भिंत फोडली आणि आतली वाळवी दिसली, तर काय चोराला हार घालायचा?”

“जिवावर बेतलंय, तरी तुमचा मुद्दा सुटायचा नाही.” तिने तोंड खिडकीकडे फिरवले.

मिस्त्रींनी शस्त्रक्रियेला होकार दिला नाही. भीती होतीच, पण नकार केवळ भीतीपोटी होता, असे म्हणणे अर्धेच खरे ठरेल. जगलो, तर उरलेला जन्म धाकट्याच्या उपकाराखाली काढावा लागेल, हे त्यांना रोगाइतकेच असह्य वाटत होते.

अखेर बायकोनेच धाकट्याला आणून समोर उभे केले आणि ती आत निघून गेली.

“ऑपरेशनला नाही म्हणतोस म्हणे, दादा?”

“बरा झालो, तर तू जन्मभर मिरवशील.”

धाकटा हसला, पण ते हसू टिकले नाही. “मिरवत नाही रे. तेवढंच एक सांगण्यासारखं सापडलं. नाहीतर काय सांगू लोकांना? सख्ख्या भावाला वरून पाडलं?”

“हो. तेच सांग.”

धाकट्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली. “पाडलं,” तो म्हणाला. “वाटलं, एका मिनिटात येतो. तुला हाकही मारली नाही. चुकलो.”

 मिस्त्रींनी आत हाक दिली, “अगं, डॉक्टरीणबाईंना फोन कर. तारीख द्या म्हणावं.”

शस्त्रक्रिया पार पडली. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ निघाल्या; मात्र एका लसिकाग्रंथीत रोग पोहोचलेला होता. सर्जनबाईंनी दोन्ही गोष्टी एकाच स्वरात सांगितल्या. आता औषधांचा कोर्स चुकवून चालणार नव्हता, आणि साखर वाढल्यामुळे इन्सुलिनही मागे लागले होते.

मिस्त्रींच्या कुशीत नळी होती, हाताला सलाईन, आणि दाढीचे खुंट टोचू लागले होते. धाकटा वस्तरा आणि साबण घेऊन आला. तो फेस लावत असताना शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कौतुकाने म्हणाला, “तुमच्यामुळेच वाचले म्हणे हे!”

“नाही हो आजोबा,” धाकटा म्हणाला. “माझ्यामुळे पडला तो. वाचवलं डॉक्टरांनी.”

मिस्त्रींनी ऐकल्याचे दाखवले नाही. त्यांनी डोळे मिटले, हनुवटी वर केली आणि गळा पुढे केला.