चौथ्या घरातला मंगळ

शनिवार पेठेत बायका म्हणत, सोजरबाई सुईण उंबरा ओलांडून आली की बाळंतीण निम्मी सुटली. सोजरबाईला स्वतःला तसं वाटत नसे. तिच्या आईच्या हातून सुटणाऱ्या पहिलटकरणी सोळा-सतराच्या असत. तिच्या वाट्याला चौदाच्या, तेराच्या येऊ लागल्या होत्या. कंबर अजून पोरीची आणि पोटात पोर. अशा वेळी सुईण काय करणार, कपाळ?

तिची स्वतःची लेक मैना तेराव्या वर्षी बाळंतपणात तिच्याच हातांत गेली होती. मैनेला सासरी धाडायचं निघालं तेव्हा सोजरबाईने अनंतभट जोश्यांचे पाय धरले. "दोन-तीन वर्सं थांबवा भटजी, पोर लहान हाय."

"मग म्हातारी झाल्यावर धाड," भटजी पंचांगातून मान वर न करता म्हणाले. "सिंहस्थ लागतोय. आत्ता योग आहे, पुढे नाही."

व्याह्यांना तेवढंच हवं होतं. वर्षभरात मैना गेली, तेव्हा भटजी म्हणाले, "ग्रहमान." त्या एका शब्दावर सोजरबाई सहा वर्षं दात-ओठ खात जगली.

मग भटजींचीच सून अडली. चौदा वर्षांची, आईबाप नसलेली, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच. नवरा श्रीधर वाईला गेलेला, घरात दुसरी बाई नाही. आत सोजरबाई एकटी आणि दाराबाहेर घटिकापात्र घेऊन भटजी. पाण्यावर बुडाला भोक असलेली वाटी तरंगायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली. रीत अशी, की मूल झालं की सुईणीने उंबऱ्याबाहेर लिंबू टाकायचं. लिंबू पडलं तो जन्मक्षण, त्यावरून पत्रिका मांडायची. भटजी कानाने अधू, तेव्हा बाळाचं रडणं त्यांना बाहेर कळायचं नाही. त्यांची सगळी भिस्त लिंबावर.

"सोजरे," ते बाहेरून ओरडले, "ही वाटी बुडायच्या आत मोकळी कर तिला. मग रास पालटते, मंगळ चौथ्या घरात येतो. मुलगी झाली तर कडक मंगळी व्हायची, आणि आईलाही वाईट."

सुनेचं कसं आहे, ते त्यांनी विचारलं नाही.

मुलगी झाली. सोजरबाईने दाराच्या फटीतून पाहिलं, वाटी अजून निम्मीच भरली होती. तिने नाळ कापली, बाळ पुसून ग्लानीतल्या आईजवळ ठेवलं आणि लिंबू मुठीत धरून स्वस्थ बसली. शोध म्हणावं आता योग! या पोरीला स्थळ मिळू नये, जोश्याच्या घरात उपवर पोर बसलेली साऱ्या पेठेने बघावी, म्हाताऱ्याला तोंड दाखवायला जागा उरू नये. वाटी बुडाली. भटजींनी ती पुन्हा पाण्यावर सोडली, तेव्हा कुठे तिने लिंबू टाकलं. भटजींनी कपाळावर हात मारला. त्या दिवशी सोजरबाईला भाकरी गोड लागली.

मुलीचं नाव श्यामला. दीड वर्षाने सून पुन्हा अडली. या खेपेला सोजरबाईने जीव तोडून खटपट केली, पण ती पोर बाळासकट गेली.

श्यामला नऊ वर्षांची झाली, दहाची झाली. पत्रिका जाईल तिथून परत येई. "जगाच्या पत्रिका जुळवतात, नातीची जुळेना," पेठ म्हणू लागली. सोजरबाई मुद्दाम त्या ओसरीवरून जाई आणि मोठ्याने विचारी, "जमलं का हो भटजी नातीचं?" म्हातारा मान खाली घाली. तेवढं पाहायला ती दोन गल्ल्यांचा वळसा घेत असे.

अकराव्या वर्षी एके सकाळी भटजींनी मान वर केली. "जमलं. मुलगाही मंगळाचाच मिळाला. चाळिशीचा आहे. दोन बायका बाळंतपणात गेल्या, पण घर भरलेलं आहे."

सोजरबाई ओसरीच्या पायरीवर बसली आणि त्यांच्या कानाशी ओरडून सगळं सांगून मोकळी झाली. "लिंबू मी उशिरा टाकलं भटजी. वाटी बुडायच्या आधीच पोर झाली व्हती. माझ्या मैनेचा सूड घेतला मी. ती पत्रिका खोटी हाय. चार मान्सांत सांगते, माझं काय व्हायचं ते व्हवू द्या, पन हिला तिथं देऊ नका."

अंगणात सागरगोटे झेलणारी श्यामला थांबून बघू लागली.

भटजींनी सगळं नीट ऐकून घेतलं. रागावले नाहीत. "पत्रिका खोटी असती तर सून गेली असती का, सोजरे? चौथं घर आईचं. मंगळाने बरोबर तिलाच नेलं."

"मंगळानं न्हाई नेली. पंधरा वर्साची व्हती ती. दुसरं बाळंतपन व्हतं."

"पोरीची माया येते म्हणून आळ स्वतःवर घेतेस. मन चांगलं आहे तुझं." त्यांनी पंचांग मिटलं. "म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. जावई उतावीळ आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी, इथेच करू, आणि तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात मी हिला लागू देणार नाही."