मानेला टेकू नको

आई चार वर्षं अंथरुणाला खिळून होती, आणि चार वर्षं ताईच तिची कूस बदलत होती. गादी मऊ, उशा मऊ, तरी आईच्या अंगाला जखमा व्हायच्याच. मग ताईच्या हातांना हळूहळू उमगलं: दुखऱ्या जागेखाली मऊ घालायचं नसतं, तिथे काहीच घालायचं नसतं. थोराड हाडांना आधार द्यावा, नाजूक जागा अधांतरी सोडावी.

त्याच घराच्या मागच्या खोलीत धाकटा भाऊ खोकी बनवायचा. पाण्याचे पंप भुशात गाडून, खिळे ठोकून रवाना करायचा. पंप माना मोडून परत यायचे. एका दुपारी ताई आईचं अंग पुसून तशीच ओल्या हातांनी आली आणि पंपावरून हात फिरवत राहिली.

"मानेला टेकू नको देऊस. कमरेला दे. मान सुटी राहू दे."

"ताई, पंप आहे तो. आजारी माणूस नाही."

"तुझ्या तावडीत सापडला की आजारीच."

शेजारी कापकाम करणारा भावाचा पहिला कामगार फिस्सकन हसला. पुढे सगळा कारखाना त्याला मामा म्हणू लागला. ताई बोट ठेवत गेली, तो जाड पुठ्ठा कापत गेला. बारा पंप गेले, बाराही धडधाकट पोचले. त्या एका कापावर शेड उभ्या राहिल्या, ट्रक धावले, भावाचा साहेब झाला.

कारखान्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा साहेबांनी इतिहास लिहायला एक लेखिका नेमली. छपाईआधी तिने ताईला ऑफिसात बोलावून मजकूर वाचून दाखवला. 'परदेशात झुलता पूल पाहताना संस्थापकांना ही कल्पना सुचली.'

"पूल?" ताई भावाकडे वळली. "अरे, त्या साली सायकल पंक्चर झाली की तू दोन दिवस घरी बसायचास. कुठला पूल पाहिलास?"

"ताई, जुनं काय उकरतेस? तुझ्यावरही एक ओळ आहे."

लेखिकेने ती वाचली. 'आजारी आईची सेवा करून बहिणीने त्यांना घरच्या काळजीतून मोकळं केलं.'

ताई म्हणाली, "तुझा मोठेपणा तुलाच राहू दे. फक्त तो काप माझा होता, एवढं लिही. बाकी पुस्तकभर तूच नाच."

लेखिका चुळबुळली. "त्या वेळचं कोणी आहे का, सांगणारं?"

"मामांना बोलवा," साहेब म्हणाले. इतक्या सहज म्हणाले, की ताईने चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

मामा आले. दारातच उभे राहिले. त्यांच्या मुलाला कालच पॅकिंग विभागाचा प्रमुख केलं होतं. हुकमावर सही साहेबांची.

"मामा, आठवा," ताई म्हणाली. "माझे हात ओले होते. पुठ्ठ्यावर डाग पडला म्हणून तुम्ही ओरडलात माझ्यावर."

मामांनी साहेबांकडे पाहिलं नाही. ताईकडेही नाही. खिडकीबाहेर ट्रक मागे घेत होते, तिकडे पाहत राहिले.

"लई वर्षं झाली, ताई. आता काही आठवत नाही."

"अहो, हसला होतात तुम्ही!"

"असेन हसलो. कशावर, ते नाही आठवत."

लेखिकेने वही मिटली. साहेबांनी बहिणीसाठी गाडी काढायला सांगितली.

ताई गाडीत बसली नाही, पायीच निघाली. फाटकापाशी मामांनी तिला गाठलं. धाप लागली होती, हात जोडलेले होते.

"ताई, पोराच्या पोटावर पाय आला असता हो. तुम्हाला ठाऊक आहे मला सगळं आठवतंय. माफ करा."

"तुमच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच केलं असतं, मामा."

मामांचे खांदे सैल पडले.

"पण माफ नाही करत. केलं, तर आज रात्री तुम्हाला सुखाची झोप लागेल. मला कुठे लागणार आहे?"

मामा हात जोडून तसेच उभे राहिले. मागून भरलेल्या ट्रकने हॉर्न दिला, पहारेकऱ्याने फाटक सताड उघडलं, आणि त्या दोघांना रस्त्यातून बाजूला व्हावं लागलं. ती एका कडेला, ते दुसऱ्या.