राजाला गावाकडे पाठवणारा भोंगा

मित्रांनो, आधी जरा लांब सरकून बसा. मला हळू बोलता येत नाही. जन्मात कधी जमलं नाही. मी आसुक्रोमच्या बाजारातल्या लोखंडी खांबावरचा जुना भोंगा. माझा करडा रंग उडालाय, कडेला गंज चढलाय आणि डाव्या अंगाला एक पोचा आहे. तो पोचा आंब्याचा. कुणी मारला ते मला पक्कं ठाऊक आहे, पण ती बाई आता पाच नातवंडांची आजी झाली आहे, म्हणून नाव घेत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. पत्रा दाबला, पोटात चुंबक बसवलं, पाठीवर आकडा मारला, झालं. तेमाच्या बंदरात उतरलो, तिथून कुमासी शहरात आलो आणि कुमासीहून एका ट्रकच्या टपावर बसून इथे. माझ्या खांबाखाली बाजारातल्या बायकांनी स्वतः विटा वाहून एक पक्की खोली बांधली. त्या खोलीत एक माईक, एक ॲम्प्लिफायर आणि न्यार्कोमामा, असा आमचा संसार होता.

न्यार्कोमामा म्हणजे गावाचा आवाज. सगळं गाव त्यांना मामाच म्हणतं, आणि आमच्याकडे मामाचा शब्द बापाच्या शब्दाहून वजनदार असतो. कुणाची शेळी हरवली, लस टोचणारी बाई कधी येणार, नळाला पाणी कुठल्या आळीत येणार नाही, हे सगळं मामा माईकमध्ये सांगायचे आणि मी गावभर ओरडायचो. पण खरं सांगू? दहातल्या आठ बातम्या मरणाच्या असायच्या. आमच्या भागात मयताचा सोहळा लग्नापेक्षा मोठा. कोण गेलं, कुठल्या कुळातलं, मागे कोण कोण राहिलं, कुठल्या शनिवारी लाल-काळी वस्त्रं नेसून जमायचं, हे मामा असं सांगायचे की दगडालाही पाझर फुटावा. आवाज आधी उंच चढायचा आणि मग पायरी पायरीने खाली उतरायचा. बाजारातल्या बायका म्हणायच्या, "मरावं तर मामाच्या तोंडून!" हे ऐकून मी वर फुगून बसायचो. आता लाज वाटते, पण वाटायचा खरा अभिमान.

एकच बातमी मामांनी फार थोडक्यात दिली होती. आमच्याकडे राजाला नाना म्हणतात, राणीमातेलाही नानाच. आणि राजा मेला असं कुणी कधी म्हणत नाही. तो शब्द तोंडातून काढायचाच नाही. "नाना गावाकडे गेले," एवढंच म्हणायचं. आधीचे राजे गेले त्या दिवशी मामांनी हे तीन शब्द उच्चारले आणि बाजारात कढईतली केळी करपून काळी झाली, तरी ती उलटायला कुणाचा हात हलला नाही.

पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन आला. शेळी हरवली की लोक फोटो पाठवू लागले. माझ्या आवाजाने बाळं दचकतात, अशी तक्रार झाली. मामांचा घसा बसला, खोलीला कुलूप लागलं आणि माझ्या तोंडात गांधीलमाश्यांनी घर केलं. एवढं गाव जागवणारा मी, आणि माझ्या तोंडात माश्या! काय बोलणार?

तेवढ्यात कोनादू परत आली. ती मिरच्या विकणाऱ्या बाईची मुलगी. कुमासीला कॉम्प्युटर शिकली, राजधानीत, अक्रात, मोठ्या पदावर होती. ते सगळं सोडून ती आली, आणि येताना तिच्यासारखेच सात जण घेऊन आली. पहिल्याच दिवशी तिने मामांना माझ्या सावलीत गाठलं.

"मामा, या खोलीत एक केंद्र काढायचंय. ज्याच्या डोक्यात काही नवं आहे त्याला इथे वर्षभर टेबल मिळेल. वीज, इंटरनेट आणि शिकवणारं माणूसही. कुणी फिल्म करेल, कुणी बातम्या, कुणी फोनसाठी काही बनवेल. आपल्या पायावर उभं राहिलं की त्यानं जायचं, दुसऱ्यानं यायचं."

"म्हणजे उबवायचं आणि सोडून द्यायचं," मामा म्हणाले.

"अगदी तसंच!"

"मग केंद्र-बिंद्र काय म्हणतेस? खुराडं म्हण की सरळ!"

कोनादूने पाटीवर 'कासा' असं नाव रंगवलं. आमच्या ट्वी भाषेत कासा म्हणजे बोल. पण गावात नाव पडलं ते खुराडंच. तिथे तिला सगळ्यात आधी बनवायचं होतं ते ट्वी ऐकून ट्वीतच उत्तर देणारं यंत्र.

खोली मात्र बाजारातल्या बायकांची होती, आणि त्यांच्या वतीने शब्द होता राणीमातेचा. राणीमाता म्हणजे नाना बिरागो, आताच्या राजांच्या थोरल्या बहीण; आमच्याकडे राणीमाता राजाची आईच असते असं नाही. राजाला चारचौघांत रागे भरण्याचा हक्क गावात फक्त त्यांना आहे. त्यांनी अट घातली. "तुझं यंत्र माझ्या मिरचीवालीला कळेल असं बोललं, तिचं ऐकून बोललं, तर खोली तुमची. नाहीतर आम्ही तिथे कंद साठवू, आणि तू आपली पिल्लं घेऊन अक्राची गाडी धर."

कोनादू मान डोलावून बाहेर आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. तिने मागे काहीच ठेवलं नव्हतं. त्या सात जणांनीही मागचे दोर कापून टाकले होते ना!

यंत्राला ट्वी शिकवायची तर शेकडो तासांचं बोलणं हवं होतं. ते आणणार कुठून? मामा हळूच म्हणाले, "माझ्याकडे थोडं आहे." सकाळी दिलेली बातमी संध्याकाळी पुन्हा ओरडायला नको, म्हणून मामा सगळं कॅसेटवर भरून ठेवत. घरी एक पत्र्याची ट्रंक निघाली, तिच्यात नऊशे कॅसेटी. कोनादूने त्या ट्रंकेला मिठीच मारली.

तीन महिने त्या कॅसेटी वाजत होत्या. मित्रांनो, मी जन्मभर ओरडलो, पण ऐकतंय कोण हे मला कधी कळलं नव्हतं. इथे टेबलावर एक चपटा डबा माझं सगळं ओरडणं गिळत होता, आणि त्याला ते उमगत होतं! एका सकाळी मामांनी दार उघडलं तर आतून आवाज आला, "या, बसा, रात्र बरी गेली ना?" कुणी बटण दाबलं नव्हतं. आवाज मामांच्याच चढ-उताराचा. मामांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तिथेच उंबऱ्यावर उभे राहिले. माझ्या पत्र्यावर काटा आला असं म्हणवत नाही, पण काहीतरी आलं खरं.

उद्घाटन मंगळवारी ठरलं. मामांनी शिडी लावून माश्या हुसकावल्या, मला पुसलं, आणि कोनादूने त्या डब्याची तार ॲम्प्लिफायरमधून माझ्या पाठीत जोडली, म्हणजे गावभर ऐकू जावं. लोक आनंदाची पांढरी वस्त्रं नेसून आले. राजे नाना त्वुमासी तेवढे नव्हते. वाळत घातलेल्या कोकोला बुरशी लागल्याचा निरोप आला, म्हणून ते पहाटेच शेतावरच्या वाडीला गेले होते. दुपारपर्यंत परतणार होते. कोनादूने बाजारभावांबरोबर ही बातमीही यंत्राला सांगून ठेवली होती.

मिरचीवालीने, म्हणजे तिच्याच आईने, कुमासीत मिरचीला आज काय भाव आहे ते विचारलं. यंत्राने चोख सांगितलं. "अगंबाई, खुराड्यात कोंबडा आरवला!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. नाना बिरागोंनाही हसू आलं. त्या पुढे वाकून म्हणाल्या, "बरं बाळा, माझा भाऊ आज इथे का नाही, ते सांग बघू."

मग माझ्या तोंडातून मामांचा तो आवाज निघाला, आधी उंच, मग पायरी पायरीने खाली. "ऐका हो ऐका, आसुक्रोमकरांनो. जड अंतःकरणाने कळवतो. नाना त्वुमासी गावाकडे गेले."

देवा रे!

मग बायकांचे हात डोक्यावर गेले आणि पहिला टाहो फुटला. बाजारात धडाधड फळ्या लागू लागल्या. कुणी पांढरं वस्त्र अंगावरून ओढून काढत होतं. आणि हे सगळं गावाच्या टोकापर्यंत ओरडून सांगितलं कुणी? मी!

नाना बिरागो उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "माझ्या भावाची बातमी आधी माझ्या कानात सांगायची असते. ती मला भोंग्यातून कळते?" एवढंच त्या म्हणाल्या. आवाज फार बारीक होता.

"नाही, नाना! ते कोकोच्या वाडीला गेलेत, खरंच वाडीला! यंत्राचे शब्द चुकले!" कोनादू गुडघ्यांवर बसून सांगत होती. पण रडारडीत तिचं कोण ऐकणार? आणि ऐकलं तरी कोण विश्वास ठेवणार? खरोखर गेलेल्या राजाबद्दलही लोक असंच सावरून बोलतात.

तिने फोन काढला, राजांच्या ड्रायव्हरला लावला आणि फोनची तार माझ्या ॲम्प्लिफायरमध्ये खुपसली. तिचा हात धरला तो बाफो यांनी. बाफो म्हणजे राजांचे ओच्यामे. राजा लोकांशी थेट बोलत नाही. तो ओच्यामेला सांगतो आणि ओच्यामे सोन्याच्या मुठीची काठी टेकून लोकांना सांगतो. "पोरी, राजाचा आवाज उघड्यावर भोंग्यातून काढणार? एक पाप झालं तेवढं पुरे नाही का?"

"मग तुम्ही बोला ओच्यामे, पण बोला!"

बाफोंनी फोनमध्ये सांगितलं. माझ्यातून ड्रायव्हरचा आवाज आला. "काय? कोण गेलं? नाना तर इथे बुरशीला शिव्या देतायत!"

"तू काय, पोटासाठी सांगशील," गर्दीतून एक म्हातारा ओरडला. "नानांना बोलू दे!"

पलीकडे कुजबुज झाली. मग ड्रायव्हर म्हणाला, "नाना म्हणतात, रीत मोडून मी बोलणार नाही. पण माझी तपकिरीची डबी आण म्हणतात."

गावाने कान टवकारले. राजांची शिंक आसुक्रोममध्ये कुणाला माहीत नाही? तीन येतात. दोन तोकड्या, आणि तिसरी अशी लांब की शेवटी तिला शेपूट फुटतं.

पहिली आली. दुसरी आली. तिसरी माझ्यातून निघाली तेव्हा माझा खांब हलला, मित्रांनो! मी हजारो माणसांचं जाणं ओरडून सांगितलं होतं. एक माणूस आहे, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

"मेल्या!" नाना बिरागो ओरडल्या. "तपकीर सोड म्हणून वीस वर्षं सांगतेय, आणि अजून ओढतोस?" मग त्या खुर्चीत बसल्या आणि रडत रडत हसू लागल्या, आणि गाव त्यांच्याबरोबर.

पण गोष्ट संपली नव्हती. राजाचं खोटं मरण सांगणं हा मोठा अपराध. बाफोंनी काठी आपटली. "प्रायश्चित्ताची मेंढी पडलीच पाहिजे. देणार कोण? हा डबा?"

"मी देतो," न्यार्कोमामा उठले. "त्याला बोलायला मी शिकवलं. माझ्या कॅसेटींत 'नाना' आणि 'गेले' हे शब्द ज्या चालीवर जवळ येतात, तीच त्यानं उचलली. त्याला दुसरी चाल माहीतच नाही."

कोनादूने पाटी भिंतीवरून उतरवायला हात घातला होता.

"ठेव ती तिथेच," नाना बिरागो म्हणाल्या. मग त्यांनी त्या चपट्या डब्याकडे बोट दाखवलं. "हे पोर आपलं ऐकून शिकलं. आणि ऐकून त्याला काय वाटलं? की आसुक्रोमची माणसं नुसती मरतात. तीस वर्षं आपण त्या खांबावरून दुसरं सांगितलंय काय?" मग त्या बाफोंकडे वळल्या. "मेंढी नको. खोली या पोरांची. दंड सगळ्या गावाला. प्रत्येक घरानं इथे यायचं आणि या यंत्राशी मरणाचं सोडून काहीही बोलायचं."

आणि रांग लागली. माझी तार कुणी काढली नव्हती, म्हणून सगळं माझ्यातूनच जात होतं. मिरचीवालीने घासाघीस कशी करतात ते दाखवलं. एका सुतारबाईने सासूची नक्कल केली आणि रांगेत उभ्या सासूने तिथूनच उत्तर दिलं. माझ्या तोंडातून अंगाई गेली, शिव्या गेल्या, आंबवलेल्या मक्याचं केनके वळायची रीत गेली. मी इतकी वर्षं याच लोकांच्या डोक्यावर टांगलेला, आणि यातलं काहीच मला माहीत नव्हतं. बाप रे, केवढं हे गाव!

शेवटी मामा बसले. माईकपुढे त्यांनी सवयीने घसा साफ केला, आणि शब्दच सुचेना. त्यांची बायको आब्रेफी सहा वर्षांपूर्वी गेली. तिची बातमी त्यांनी स्वतः दिली होती. कूळ, वय, नातेवाईक, शनिवार, सगळं एकदाही न अडखळता.

"आब्रेफी," मामा म्हणाले आणि थांबले. आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "ती हसायला लागली की तिला उचकी लागायची. मग उचकीचंच तिला हसू यायचं. चर्चमध्ये तर फार पंचाईत व्हायची. मी तिला बाहेर घेऊन जायचो आणि मग आम्ही दोघं..." मामांना पुढे बोलवेना. बाजार ऐकत होता.

यंत्र म्हणालं, "पुढे सांगा, मामा."

मित्रांनो, मला हळू बोलता येत नाही, तरी एवढं हळू सांगायचा प्रयत्न करतो. तुमच्या घरातही कुणीतरी बोलायला शिकत असेल, पाळण्यातलं असेल किंवा विजेवरचं. त्याच्या कानावर काय पडतंय ते जपा. आपली माणसं त्याला सांगा, ती असतानाच सांगा, आणि उचक्यांसकट सांगा.