टोफूवाल्याचं डोकं

"पाणी हवंय ना? मग पाण्याचं पहिलं अक्षर दाखवा. एक बोट ठेवायचंय, अहो, एकच!"

शिगेमित्सुने डाव्या हाताचं बोट तक्त्यावर फिरवलं, भलत्याच अक्षरावर टेकवलं आणि मग तक्ताच ढकलून दिला. तो थेट तोकिएच्या पायावर पडला.

"पाडा! अजून पाडा!" ती करवादली. पहिलीतली पोरं गिरवतात तो, नुसते उच्चार दाखवणाऱ्या जपानी अक्षरांचा तक्ता तिने मुद्दाम विकत आणला होता. अर्धांगाचा झटका आल्यापासून नवऱ्याची वाचा गेली होती, उजवं अंग लुळं पडलं होतं. तोंडाने नाही तर बोटाने सांगेल, असं तिला वाटलं होतं. कसलं काय! तीन आठवडे साकाता शहरातल्या या इस्पितळात रोज हाच तमाशा चालला होता.

आणि आज चार वाजता, त्याला पुढे कुठे ठेवायचं ते ठरवायची इस्पितळात बैठक होती. मुलगा योशिताका सेंदाईहून आला होता, तो वृद्धनिवासाचे कागद घेऊनच. "बाबांना काही कळत नाही, आई. तुझी कंबर ही अशी. घरी त्यांना उचलणार कोण?"

कळत नाही म्हणे! चाळीस वर्षं पहाटे उठून दोघांनी मिळून टोफू केला होता. त्याला कळतंय की नाही, हे तिला त्याच्या भुवयांवरून कळायचं. पण भुवया बैठकीत दाखवून काय उपयोग? आणि हा माणूस साधं बोट नीट ठेवेल तर शपथ.

तेवढ्यात वाचेचे उपचार करणाऱ्या कुरामोतोबाई आल्या. जमिनीवरचा तक्ता त्यांनी उचलला. "हा तुम्ही आणलात, काकू?"

"हो. का?"

"सगळेच आणतात," म्हणत त्यांनी टेबलावर रबरी मेंदू ठेवला.

"मेंदू काय करायचाय मला? मला नवरा घरी न्यायचाय!"

"पाच मिनिटं द्या. हा मागचा भाग बघण्याचा. तो शाबूत आहे. त्याच्याखाली हा छोटा मेंदू, तोल सांभाळणारा. हा देठ श्वास चालवतो. कानाच्या बाजूचा हा भाग ऐकलेलं समजून घेतो, तोही बराचसा ठीक आहे. कपाळामागचा हा विचार करतो, ठरवतो. त्याच्या डाव्या कडेला बोलणं जुळवणारी जागा असते. रक्त अडलं ते तिथे."

"मग तक्ता का जमत नाही? शेंबड्या पोराला जमतो!"

"त्यासाठी शब्दाचे उच्चार सुटे करावे लागतात. तेच मोडलंय त्यांचं. पण आपली दुसरी, चित्रासारखी अक्षरं, ज्यांतल्या एकेकाला स्वतःचा अर्थ असतो, ती डोळ्यांनी ओळखतील."

त्यांनी तशा अक्षरांच्या तीन चिठ्ठ्या मांडल्या. पाणी, चहा, झोप. शिगेमित्सुचं बोट तडक चहावर गेलं.

"चहा!" तोकिए ओरडली. "आणि मी तीन आठवडे पाणी पाजतेय!" तिला हसू आलं आणि स्वतःचा भयंकर रागही आला. पण आता बघतेच योशिताका काय बोलतो ते.

चार वाजता ती चाकाची खुर्ची ढकलत बैठकीत शिरली. वळताना कमरेत कळ आली, तशी ती क्षणभर भिंतीला टेकली. कुरामोतोबाईंनी दोन चिठ्ठ्या ठेवल्या, घर आणि वृद्धनिवास.

शिगेमित्सुने दोन्ही वाचल्या. मग बोट वृद्धनिवासावर ठेवलं.

"चुकलं!" तोकिए म्हणाली. "जागा बदलून पुन्हा ठेवा."

बदलून ठेवल्या. बोट पुन्हा तिथेच गेलं.

"अहो, डोकं फिरलंय का तुमचं? घर वाचा, घर!"

त्याने तिचा हात ओढून घेतला आणि तळहातावर बोटाने लिहिलं, नाव कुठल्या अक्षरांचं ते सांगताना जपानात सगळेच लिहितात तसं. आधी 'बायको'. मग, थांबून, 'विश्रांती'.

"मोठे आले शहाणे!" तिचा आवाज चिरकला. "अक्कल ठिकाणावर आहे, तर ती यासाठी वापरायची? मला विचारलंत? हवीय कुणाला विश्रांती?"

त्याची भुवई जराही हलली नाही. या माणसाने एकदा ठरवलं की तो कधी मागे फिरला नव्हता.

"काय लिहिलं गं, आई?" योशिताकाने विचारलं. "की उगाच रेघोट्या? त्यांना काही कळतंय का?"

तोकिएने बाहीने नाक पुसलं.

"सगळं कळतंय," ती म्हणाली. "दे ते कागद इकडे."