बटनावरचा माणूस

धाराशिवच्या ज्या तेलमिलमध्ये सोमेश मेला, तिथंच मालकानं त्याच्या बायकोला, शिवप्रियाला, झाडलोटीचं काम दिलं. सोयाबीनच्या लोखंडी हौदात अडकलेला माल काढायला सोमेश उतरला होता आणि हौदाच्या तळाचं मशीन सुरू झालं, एवढंच तिला माहीत होतं. सासरी, तेर गावात, दिरांच्या संसारात तिचा फार दिवस निभाव लागणार नव्हता. लहानग्या लेकीला आईकडं ठेवून ती बसनं एकटीच धाराशिवला आली.

पहिल्या दिवशी मिलच्या फाटकातून आत शिरताच तिनं झाडू हातात घेतला. हौद कुठला, हे तिनं कुणाला विचारलं नाही. त्या बाजूला गेलं की बायका आपोआप गप्प होत, त्यावरून कळलंच.

मशीन चालवणारे मल्लिनाथमामा मात्र तिच्या मदतीला धावले. उतारवयाचा, अबोल माणूस. त्यांनी आपल्याच गल्लीत तिला खोली बघून दिली. त्यांची बायको कस्तुराबाई संध्याकाळी भाकरी-कालवणाचं ताट आणून द्यायची. परक्या शहरात कुणीतरी आपलं आहे, असं शिवप्रियाला वाटायला लागलं. एकदा ती मामांचं कौतुक करत होती, तेव्हा सोबत झाडणारी कमलबाई जागीच थांबली.

“तुला कुणीच सांगितलं न्हाय व्हय गं? बटन त्यांनीच दाबलं व्हतं.”

शिवप्रियानं हातातलं झाडून संपवलं. मग ती मशीनपाशी गेली.

“मामा, त्या दिवशी बटन तुमी दाबलं?”

मामांचा चेहरा उतरला. “व्हय.”

“आत कोण हाय, बघितलं न्हाय?”

“सुपरवायझर म्हनला, समदे भाईर आलेत, चालू कर. म्या दाबलं.”

“आन् मला खोली बघून दिली.”

त्या संध्याकाळचं ताट शिवप्रियानं दारातूनच परत पाठवलं.

दुसऱ्या दिवसापासून मामा कामावर आले नाहीत. त्यांच्या जागी एक तरणा गडी आला. मोबाइल कानाला लावूनच तो बटन दाबायचा. एकदा मशीन सुरू होता होता हौदातला माणूस कसाबसा बाहेर पडला, तर हा नुसता हसला. शिवप्रियाला दिवसभर अन्न गेलं नाही.

रविवारी कस्तुराबाई रिकाम्या हातानं आली. “ते अंथरूण सोडंनात, पोरी. एकदा माफ केलं म्हन.”

“ते माझ्याच्यानं व्हायचं न्हाय, मामी.”

तरी शिवप्रिया त्यांच्या घरी गेली. मामा भिंतीकडं तोंड करून पडले होते. ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली.

“कामावर या,” ती म्हणाली. “त्या पोराला बटनाची भीती न्हाय. तुमाला हाय.”

मामांनी तोंड वळवलं नाही, पण सोमवारी ते आले. हौदात माणूस उतरला की मशीनची चावी काढून मुठीत धरायचे आणि तो वर येईपर्यंत घामानं भिजून उभे राहायचे. सुपरवायझर ओरडला तरी मूठ उघडत नसत. शिवप्रिया त्यांच्याशी पुन्हा कधी बोलली नाही.

महिनाअखेर तिनं मामांनी बघून दिलेली खोली सोडली. शहराच्या दुसऱ्या टोकाला तिला पत्र्याची एक खोली मिळाली. पाणी लांबून आणावं लागायचं, आणि दार नीट लागत नव्हतं. लेकीला एवढ्यात आणता येणार नाही, असं तिनं आईला फोनवर सांगितलं.