कोपीचा स्वभाव

"आजोबा, कोपी कुठंय?"

मैत्रेयी गोठ्याच्या दारात उभी होती. हातात केळ्याच्या सालींची पिशवी. सहा कप्प्यांपैकी दोन रिकामे होते आणि त्यांतला एक तिच्या गोऱ्ह्याचा होता.

"धुवायला नेला असेल बाहेर," पद्माकरराव म्हणाले. म्हणाले खरे, पण एकतीस वर्षं जनावरांत काढलेल्या माणसाला धुवायला नेलेल्याचा कप्पा आणि कायमचा नेलेल्याचा कप्पा यांतला फरक कळतो. गव्हाणसुद्धा घासून पालथी घातली होती.

ज्या शहरात फ्लॅटमध्ये कुठल्या जातीचं कुत्रं पाळावं हेही सरकार ठरवतं, तिथे शाळकरी मुलांनी गोऱ्हे वाढवायचे, ही कल्पना फार्मच्या मिस्टर गोहांची. सहा मुलं, सहा गोऱ्हे. दर शनिवारी येऊन त्यांना चारायचं, खरारा करायचा, दाव्याला धरून चालायला शिकवायचं आणि डिसेंबरच्या सुट्टीत पाहुण्यांसमोर रिंगणात फिरवून दाखवायचं. चौदा वर्षांच्या मैत्रेयीनं हौसेनं नाव दिलं, आणि यिशुनच्या घरापासून क्रांजीपर्यंत एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, आणि पुढे फार्मची बस एवढ्या प्रवासाला सोबत म्हणून आजोबांना घेतलं. तिच्या गोऱ्ह्याचा रंग दुधाच्या कॉफीचा, म्हणून तो कोपी. इथे कॉफीला कोपीच म्हणतात.

पद्माकरराव माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. जनावरांच्या प्रदर्शनात पंच म्हणून त्यांना मानानं बोलवत. बायको गेल्यावर मुलानं, शिरीषनं, त्यांना इकडे परदेशात आणलं. चार वर्षांत या घरात त्यांच्या वाट्याला एकच काम आलं होतं, पार्सलवाला आला की दार उघडायचं. कोणी वाईट वागत नव्हतं. फक्त कोणाला त्यांची गरज नव्हती, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

फार्मवर मात्र पहिल्याच शनिवारी रॉकेट नावाच्या गोऱ्ह्यानं एका मुलावर डोकं खाली घातलं. पद्माकररावांनी पुढे होऊन त्याच्या नाकपुड्यांत बोटं घालून त्याला जागच्या जागी उभा केला. तेव्हापासून गोह त्यांना 'एक्स्पर्ट अंकल' म्हणू लागले. त्या दिवशी परतताना बसमध्ये ते पाठीचा कणा ताठ ठेवून बसले होते.

मग दर शनिवारी त्यांनी नातीला स्वभाव वाचायला शिकवलं. कान कुठे वळतात बघ. डोळ्यातलं पांढरं दिसतंय का बघ. एकाच आठवड्यात जन्मलेली, एकाच चाऱ्यावर वाढलेली सहा वासरं, पण एकाचा पाय दुसऱ्याच्या पायात नाही. रॉकेट मारका. बिस्किट गरीब, पण थोडा बुजरा. कोणी छत्री उघडली की चार हात मागे. आणि कोपीच्या तोंडात बाळानं हात घातला तरी तो चाटण्यापलीकडे काही करायचा नाही.

"माझा सगळ्यात गरीब आहे ना, आजोबा?"

"इतकं गरीब जनावर मी उभ्या माणदेशात पाहिलं नाही."

घरात धड चार वाक्यं मराठीत न बोलणारी पोर मारका, बुजरा, गरीब हे शब्द चॉकलेटसारखे चघळायची. शिरीषलाही ते माहीत होतं आणि त्याला बापाचा थोडा हेवाच वाटायचा.

पंधरा दिवसांपूर्वी गोहांनी पद्माकररावांना बाजूला घेतलं होतं. शोनंतर चार गोऱ्हे शाळांच्या सहलींसाठी फार्मवर कायमचे राहतील. दोघांना शोआधीच लॉरीतून जावं लागेल. नर वासरू जन्मभर कोण पोसणार? तेव्हा प्रत्येकाचा स्वभाव लिहून द्या, अंकल. मुलांना कळू देऊ नका, नाहीतर प्रत्येक जण आपल्याच गोऱ्ह्याची वकिली करेल.

पद्माकररावांनी तो कागद घरी आणला आणि चार संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून लिहिला. कोपीचा जीव आपल्या हातात आहे हे त्यांना कळत होतं, म्हणून त्याच्या ओळीवर त्यांनी विशेष मेहनत घेतली.

"बाबा, द्या इकडे, एकदा नजर टाकतो," शिरीष म्हणाला होता.

"तू तुझं कम्प्युटरचं बघ. एकतीस वर्षं रिपोर्ट लिहिलेत मी."

"ते मराठीत होते, बाबा."

"जनावरं तीच असतात."

मुलाला गप्प बसवलं याचा त्यांना त्या दिवशी भारी आनंद झाला होता.

आता गोह तोच कागद घेऊन गोठ्यात आले. चेहरा पडलेला, कारण मुलीला काय सांगायचं हा प्रश्न होता. त्यांनी कागद मैत्रेयीसमोर धरला.

"सॉरी, गर्ल. नॉट मी, लाह. युअर ग्रँडफादर राइट वन. सी. रॉकेट, नॉट पूअर ॲट ऑल. बिस्किट, पूअर, बट लिटल शाय. कोपी, व्हेरी व्हेरी पूअर, पूअरेस्ट ऑफ ऑल. टेम्परामेंट पूअर, हाऊ टू कीप? सो मेनी स्मॉल चिल्ड्रन कमिंग."

"येस, येस," पद्माकररावांनी मान डोलावली. "पूअरेस्ट. बेस्ट वन."

मैत्रेयीनं कागद वाचला. मग आजोबांकडे पाहिलं. त्या गोठ्यात दोन्ही भाषा जाणणारं तेवढं एकच माणूस होतं, आणि काय झालंय ते तिला एका क्षणात कळलं. ती रडली नाही. गोहांकडे वळून तिनं सांगितलं, की आमच्या भाषेत शांत जनावराला जो शब्द आहे त्याचा दुसरा अर्थ पूअर होतो. आजोबांना म्हणायचं होतं की कोपी सगळ्यात शांत आहे.

गोहांनी टोपी काढली. "ऐयो, अंकल. व्हाय यू नेव्हर आस्क?"

पद्माकररावांनी गव्हाणीची कड धरली.

"ब्रिंग बॅक," ते म्हणाले. "आय पे. ब्रिंग बॅक."

"थर्सडे मॉर्निंग गो ऑलरेडी, अंकल."

आज शनिवार. कुठे गेला, हे त्यांनी विचारलं नाही. अशा लॉऱ्यांच्या कागदांवर त्यांनी स्वतः आयुष्यभर सह्या केल्या होत्या. गुरुवारी गेलेलं जनावर शनिवारी कुठे असतं हे विचारायला ते नवखे नव्हते.

बसमध्ये मैत्रेयी खिडकीशी बसली. केळ्याच्या सालींची पिशवी तिच्या मांडीवर तशीच होती.

"जेंटल," ती म्हणाली. "जेंटल लिहायचं होतं, आजोबा."

जेंटल! तो शब्द त्यांना येत होता. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक साहेबाला त्यांनी पाठीमागे 'फार जेंटलमन माणूस' म्हटलं होतं. पण तो शब्द माणसांचा, साहेबांचा. गोऱ्ह्याला तो लागतो हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"चुकलो गं, बाळा."

"इट्स ओके."

रस्त्यात धक्का लागलेल्या परक्याला म्हणतात तसं तिनं ते म्हटलं.

घरी कोणी त्यांना बोल लावला नाही. सुनेनं, नीलिमानं, मनाला लावून घेऊ नका म्हणून सांगितलं. शिरीष काहीच बोलला नाही, आणि त्याच्या त्या न बोलण्यानं पद्माकररावांचा जीव घुसमटला. 'तेव्हाच म्हणत होतो' एवढं जरी तो म्हणाला असता तरी बरं वाटलं असतं. शोच्या दिवशी ते गेले नाहीत. रॉकेटला दुसरा नंबर मिळाल्याचा फोटो पालकांच्या ग्रुपवर आला. दावं धरायला तीन माणसं होती.

मैत्रेयी त्यांच्याशी बोलायची थांबली नाही. उलट जास्तच काळजीनं वागू लागली. एका रविवारी दुपारी ती त्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"आजोबा," ती म्हणाली. "डू... यू... वॉन्ट... टी?"

एकेक शब्द सुटा करून, सावकाश, सोपा निवडून. उत्तराची वाट बघत ती त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली, यांना कळलं की नाही याची खात्री करत. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्यांनी तो आनंदानं सोसला असता.

"हो, दे की," असं त्यांच्या ओठांवर आलं होतं.

"येस," ते म्हणाले. "थँक यू."

ती कप घेऊन आली, टेबलावर ठेवला आणि बोटानं दाखवून म्हणाली, "हॉट. ओके? हॉट."

पद्माकररावांनी समजल्याची मान हलवली. ती जाईपर्यंत त्यांनी कपाला हात लावला नाही.